मनोहरभाऊंची बोटं

परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं. जीप सेल्फ घेत नाही, नवी बॅटरी द्या, म्हणालं. मी बॅटरीकडे वळलो आणि तोंडातून प्रश्न निसटला, "गाडी एवढ्यात धुतली होती का?"

गिऱ्हाईक माझ्याकडे बघतच राहिलं. "बाप्पा, मी बॅटरी मांगून राहिलो. तुमी गाडीच्या आंघोळीची चौकशी काहून करता?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. स्पेअर पार्टच्या दुकानदारानं असले प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पण तो प्रश्न माझा नव्हताच, मनोहरभाऊंचा होता. अमरावतीत मोर्शी रोडवर त्यांचं दुकान माझ्या दुकानाला खेटून होतं. मधे एकच भिंत. माझ्याकडे नवीन माल, त्यांच्याकडे जुन्या गाड्या. शेजारी म्हणून माणूस लाख मोलाचा, धंद्याच्या दृष्टीनं मात्र माझा वैरी. लोक त्यांच्याकडे "बॅटरी गेली", "डायनॅमो गेला" असं म्हणत यायचे, आणि भाऊ एखादा गंजलेला बोल्ट घासून त्यांना परत पाठवायचे. मी गल्ल्यावर बसून ते बघत राहायचो. राग यायला हवा होता, पण मला कायम नवलच वाटत राहिलं.

भाऊ गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. उंच, काटकुळे, खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि त्याच्या खिशात घडी घातलेला पॉलिश पेपर. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतो, यांच्या खिशात पॉलिश पेपर. लग्नाला जाताना पांढरा शर्ट घालत, त्याच्याही खिशात तो असायचाच. एकदा एका वरातीत बँडवाल्यांच्या गाडीचा दिवा मिणमिणायला लागला, तेव्हा भाऊ नवरदेवाला सोडून त्या गाडीखाली शिरले होते. पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते भाऊंच्या बायकोनं, विमलवहिनींनी, पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगितलं.

गाडी आली की भाऊ बोनेटला हात लावत नसत. आधी चौकशी. स्टुलावर बसायचे, मालकाला समोर उभं करायचे आणि फौजदारासारखे सुरू व्हायचे. "गाडी कोनं धुतली? प्रेशरनं का बादलीनं? पेंट कवा मारला? याच्या आधी कोनाचा हात लागला? दसऱ्याले नारळ कुठं फोडला?" माणूस चिडायचा. "भाऊ, दिवा लागत नाई एवढंच हाय. नारळाचं काय?" त्यावर भाऊ शांतपणे म्हणायचे, "नारळाचं पानी बंपरवर पडलं का इंजनवर, ते सांग. मंग दिव्याचं मी सांगतो."

या चौकशीमागचं कारण कळायला मला बराच काळ लागला. मी इतकी वर्षं वायरी विकत होतो, पण त्यातून जाणारा करंट परत कसा येतो हे कधी मनातही आलं नव्हतं. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी विचारलंच. भाऊ खूश झाले. असं कोणी विचारलं की ते फार खूश व्हायचे.

"घरच्या बल्बले वायरी किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"आन् गाडीच्या बल्बले?"

मी आठवून बघितलं. "बहुतेक ठिकाणी एकच."

"मंग करंट बॅटरीतून निंगाला, बल्बात गेला, पुढं काय? तिथंच बसते का तो? त्याले परत घरी याचं असते. त्याची घरी याची वाट म्हंजे हे." असं म्हणून त्यांनी समोरच्या टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली. "हे सारं लोखंड. यालेच आमी अर्थिंग म्हनतो. आता त्या बोल्टखाली जंग आला, नाईतर कोनं पत्र्यावर पेंट मारला आन् पेंटवरच बोल्ट कसला, तर वाट बंद. मंग तो काय करते? दुसऱ्याच्या वावरातून जाते."

हे दुसऱ्याचं वावर, दुसऱ्याचं शेत, म्हणजे काय ते त्यांनी मला त्याच आठवड्यात दाखवलं. एक गाडी आली. ब्रेक दाबला की तिचा इंडिकेटर मिचमिचायचा आणि इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे एकदम उघडझाप करायचे. मालक पार घाबरलेला. गाडीवर कोणीतरी करणी केली अशी त्याची खात्री पटली होती. भाऊंनी मागच्या दिव्याचा एक बोल्ट काढला, त्याखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट परत कसला आणि म्हणाले, "ब्रेकचा करंट परत याले वाट नव्हती, म्हून इंडिकेटरच्या बल्बातून घुसून राहिला होता. जा आता." ती करणी तिथेच उतरली. मालक मात्र जाता जाता माझ्याकडे लिंबू-मिरचीची चौकशी करून गेला.

लिंबू-मिरची मिळायची ती भाऊंच्याच दारात. ती विकायच्या विमलवहिनी. वहिनींचं माहेर माळ्याचं आणि सासरही माळ्याचंच. दुकानासमोर पाट ठेवून त्या फुलं विकायच्या. झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि शनिवारी लिंबू-मिरची. हार करताना त्यांचं लक्ष रस्त्यावर, जिभेवर बोलणं, आणि बोटं आपली आपण सुई-दोऱ्यात चालायची. कोणतं फूल कोमेजलेलं आहे ते त्या बघून ठरवत नसत. हाताला लागलं की बाजूला. मला त्याचंही कौतुक वाटायचं, पण ते मी कधी बोललो नाही. बायका हार करतातच, त्यात काय, असं वाटून गेलं असेल.

तर वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याची पिकअप गाडी वरचेवर यायला लागली. पुढचे दिवे मंद. भाऊ बोल्ट घासून द्यायचे, दिवे लख्ख, आणि पुन्हा काही दिवसांनी तेच. भाऊंना हा अपमान वाटला. त्यांनी ड्रायव्हरची उलटतपासणी घेतली. पाणी? नाही. पेंट? नाही. नारळ? नाही. शेवटी बोनेट उघडून हात घातला आणि आतून काय काढलं, तर वाळून काळं पडलेलं लिंबू आणि चार मिरच्या. ड्रायव्हर म्हणाला, बागेच्या वाटांनी जाताना संत्र्याच्या फांद्या बाहेरचं लिंबू ओढून नेतात, म्हणून मी आतून बांधतो. आणि पक्कं बसावं म्हणून बोल्ट सैल करून लिंबाची तार त्याच्याखाली घालून वरून बोल्ट कसतो. लिंबाचा सगळा रस तारेवरून थेट त्या अर्थिंगच्या बोल्टवर. बोल्ट गंजला की दिवे मंद, दिवे मंद झाले की ड्रायव्हर म्हणणार नजर लागली, की आणखी एक लिंबू.

"नजर नाई लागली तुह्या गाडीले," भाऊ गरजले. "लिंबू लागला! आन् कोनाचा लागला ते पाह्य." त्यांनी लिंबू वहिनींच्या पाटावर आणून आदळलं. "मंगलाची माय, तू बिघडवतं आन् मी सुधरवतो. चांगला संसार हाय आपला."

वहिनींनी हारातली सुईसुद्धा थांबवली नाही. "मी लिंबू इकते. बोल्टले बांधा असं सांगत नाई." पण त्यानंतर दर शनिवारी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या लिंबासोबत बजावायच्या, "बाहेर बांधजा बरं, आत नाई." नजर काढणाऱ्या वस्तूबरोबर वापरायच्या सूचना देणारी फूलवाली मी तरी दुसरी बघितली नाही.

भाऊंना सगळंच कळायचं असं मात्र नाही. अर्थिंग हा त्यांचा देव होता आणि देवभोळ्या माणसाचं जे होतं ते त्यांचंही व्हायचं. माझ्या साडूची स्कूटर एकदा बंद पडली. ढकलत आणली. भाऊंनी पूर्ण दुपार लावून तिचे सगळे बोल्ट काढले, घासले, तेल लावलं, कसले. स्कूटर ढिम्म. भाऊ घामाघूम. मी सहज गाडी धरून हलवली तर टाकीतून काहीच आवाज नाही. झाकण उघडलं तर आत पेट्रोलचा थेंब नाही. साडू खाली बघायला लागला, मी वर बघायला लागलो. भाऊ पॉलिश पेपर घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "तरी अर्थिंग खराबच होतं." पुढे कित्येक महिने मी त्यांना बघितलं की टाकी हलवल्याचा अभिनय करायचो. ते शिवी द्यायचे आणि चहा सांगायचे.

पण त्यांचा खरा चमत्कार बोटांत होता. गाडीतले असले बोल्ट कधी डोळ्यांसमोर नसतात. इंजिनच्या पाठीमागे, डॅशबोर्डच्या पोटात, पत्र्याच्या सांदीत, जिथे नजर पोचत नाही तिथेच ते बसवलेले. भाऊ तिथे हात घालायचे आणि डोळे मिटायचे. मग त्यांचं बोलणं सुरू व्हायचं, अंधारातून कोणी वाट सांगावी तसं. "हा रबर. हा पाइप. इथं वंगन सांडलं. हं, बोल्ट. घट्ट हाय. खाली... भुकटी लागली. खरखर लागून राहिली. वायर कोमट हाय, काहून कोमट हाय?" चांगली जोडलेली वायर थंड असते, वाट अडली की ती तिथे तापते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मीटर होता त्यांच्याकडे, चांगला होता, आणि ते वापरतही. मी म्हटलं, मीटर असताना हात कशाला पोळवता? तर म्हणाले, "मीटर साक्षीदार हाय. चोर आधी बोटानं पकडाचा, मंग साक्षीदार बोलवाचा."

आणि एक वाक्य ते नेहमी म्हणत. मोठ्यानं म्हणत, गिऱ्हाइकांसमोर म्हणत, त्यात थोडी ऐट असे. "ज्या दिवशी या बोटाईले कळनं बंद झालं त्या दिवशी शटर बंद. आंधळ्यानं दुसऱ्याच्या गाडीत हात घालू नये." आम्ही सगळे हसायचो. ती बोटं बंद पडतील असं कोणाला वाटणार?

भाऊंना शुगर होती. ती ते कोणाला सांगत नसत, पण चहात साखर नको म्हणायचे आणि वहिनींची पाठ वळली की जिलेबी खायचे, त्यावरून सगळ्यांना कळत होतं. एका सकाळी ते रस्ता ओलांडून चहा घेऊन आले. मी बघतो तर एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. चप्पल रस्त्याच्या मधोमध पडली होती. मी म्हटलं, "भाऊ, चप्पल!" त्यांनी पायाकडे बघितलं. मग रस्त्याकडे. "सुटली वाटते," म्हणाले आणि हसले. उन्हाळ्याचे दिवस होते, डांबर तापलेलं होतं. मलाही हसू आलं. चप्पल सुटल्याचं कोणाला कळणार नाही असं कसं होईल, हा विचार त्या वेळी मनात यायला हवा होता, पण तो आला नाही.

मग दसऱ्याच्या आधीचा तो दिवस. दिनकर नावाचा मोर्शीकडचा एक शेतकरी वहिनींना झेंडू आणून द्यायचा. त्याची जुनी जीप भरून झेंडू आला आणि नेमकी आमच्या दारात येऊन बंद पडली. सेल्फ मारला की नुसता टक टक आवाज. अर्धी फुलं इथे उतरवायची आणि अर्धी अकोल्याच्या बाजारात पोचवायची होती. दसऱ्याचा झेंडू दसऱ्यानंतर कोण विचारतो? दिनकर कासावीस झाला. भाऊ म्हणाले, "बस. चहा घे. आत्ता होते."

आत्ता काही झालं नाही. भाऊंनी बॅटरीच्या तारा काढून घासल्या. सेल्फची वायर बघितली. माझ्याकडून नवी बॅटरी आणून लावून बघितली, म्हणजे किती नाइलाज झाला असेल बघा. इंजिनच्या मागे हात घातला. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून त्याला गाडीच्या अंगाशी जोडणारी एक विणलेली चपटी पट्टी असते. भाऊंनी डोळे मिटून ती चाचपली आणि म्हणाले, "पट्टी ठीक हाय." मला ते ऐकू आलं. सकाळची दुपार झाली. झेंडूचा वास जड व्हायला लागला. भाऊ बोनेटमध्ये वाकलेले, एक हात आत टेकलेला, आणि सारखं दिनकरला सांगताहेत, "मार सेल्फ. अजून मार."

वहिनी पाटावरून उठल्या. निदान आपल्या वाट्याची फुलं तरी उतरवून घ्यावीत म्हणून जीपपाशी आल्या. भाऊंच्या बाजूने जाताना आधार म्हणून त्यांनी बोनेटच्या आत हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अवो, हे काय तापून राहिलं एवढं?"

ती ॲक्सिलरेटरची केबल होती. पायाच्या पेडलपासून इंजिनकडे जाणारी साधी तार. तिच्यातून करंट जायचं काही कारणच नाही. भाऊंनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं उमगलं. ती विणलेली पट्टी आतून तुटलेली होती. दोन-चार धागे तेवढे शिल्लक होते. सेल्फचा एवढा मोठा करंट परत यायला वाट नाही, म्हणून तो या बारीक केबलीतून घुसत होता. दुसऱ्याच्या वावरातून. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं, सवयीनं, आणि सांगता सांगता ते थांबले. कारण त्यांचा टेकलेला डावा हात त्याच केबलवर होता. अजूनही तिथेच होता.

वहिनींनी तो हात ओढून काढला. तळव्यावर आडवा लाल वळ उठला होता, एका जागी कातडी फुगलेली. भाऊ आपल्या हाताकडे अशा नवलानं बघत होते की जणू तो कोणा दुसऱ्याचा हात आहे.

पट्टी माझ्याकडून घेतली, बसवली. जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली. दिनकर अकोल्याला निघून गेला. भाऊंनी हत्यारं पुसली, टेस्टर खुंटीला अडकवला आणि शटर खाली ओढलं. दसऱ्याला सगळ्या दुकानांची पूजा झाली, त्यांच्या शटरला वहिनींनी बाहेरून हार घातला. मला फार वाईट वाटलं. त्यांचं ते ऐटीतलं वाक्य आम्ही इतक्या वेळा हसत ऐकलं होतं, आणि त्यांनी ते खरं करून दाखवलं होतं.

दुकानाच्या मागेच त्यांचं घर, एक खोली आणि स्वयंपाकघर. भाऊ तिथे खाटेवर पडून असायचे. मी भिंतीला कान लावत नव्हतो असं खोटं सांगणार नाही. आतून काहीच आवाज यायचा नाही. मंगला, त्यांची मुलगी, अकोल्याहून आली. "बाबा, चला माह्याकडं. इथं आता काय हाय?" भाऊ तिला हो म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यात कोणाला एका झटक्यात हो म्हटलं नव्हतं तो लगेच हो म्हणाला, याची मला जास्त भीती वाटली. दिवाळी झाली की जायचं असं ठरलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी एक मालवाहू रिक्षा दारात येऊन थांबली. ड्रायव्हरने बंद शटर बघितलं आणि वहिनींना विचारलं, "भाऊ नाईत का? हॉर्न वाजवला की दिवे जाते." वहिनी हार ओवत होत्या. त्यांनी सुई पाटाच्या कडेला टोचली, उठल्या, शटर अर्धं वर केलं आणि भाऊंचं स्टूल बाहेर आणून त्यावर बसल्या. मी गल्ला सोडून दारात आलो.

"गाडी कोनं धुतली?" वहिनींनी विचारलं.

ड्रायव्हर गोंधळला. "म्या."

"प्रेशरनं का बादलीनं?"

"बादलीनं."

"याच्या आधी कोनाचा हात लागला?"

"कोनाचाच नाई."

"नारळ कुठं फोडला?"

"चाकापाशी."

"बरं," म्हणून वहिनी उठल्या आणि रिक्षाच्या समोरच्या पत्र्याकडे गेल्या. झेंडूनं पिवळी झालेली बोटं त्यांनी दिव्याच्या मागे घातली. तेवढ्यात अर्ध्या शटरच्या आतून, खाटेवरून, खणखणीत आवाज आला, "पेंटचं इचारलं नाई!"

वहिनींनी मागे वळूनही बघितलं नाही. "इचारते ना. घाई काय हाय?"

"आधी इचाराचं असते ते! आन् हातातलं ते लोखंडी कडं काढ पयले! बॅटरीले टेकलं तर हात भाजशीन."

"काचेच्या बांगड्या राहू देऊ का?"

"काचेच्या चालते. काचेतून करंट जात नाई." मग थोडं थांबून, "काय लागलं हाताले?"

"गुळगुळीत हाय. पेंट वाटते."

"मंग सांगून राहिलो ना मी!" आणि शटरखालून वाकून भाऊ बाहेर आले. बनियनवर, दाढी वाढलेली, अनवाणी. कित्येक दिवसांनी त्यांना उजेडात बघितलं. मला हसूच आलं. ते वहिनींच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "बोल्टच्या खाली जा. गरम हाय का?"

"गरम नाई. कोमट."

"अजून खाली."

ती रिक्षा नीट होऊन गेली. अकोल्याला जायचं त्या दिवाळीत काही झालं नाही. मी नंतर वहिनींना एकदा विचारलं, की सगळे प्रश्न पाठ असताना नेमका पेंटचा तेवढा कसा राहिला? वहिनींनी हातातलं एक कोमेजलेलं फूल न बघता बाजूला टाकलं. "इतके वर्सं रोज ऐकलं दादा. इसरन का मी?"

त्यानंतर काही वर्षं आमच्या शेजारी ते दोघांचं दुकान चाललं. भाऊ स्टुलावर, वहिनी बोनेटमध्ये. पाटावरचा हार अर्धा, त्यात टोचलेली सुई, आणि वहिनींच्या काचेच्या बांगड्या इंजिनच्या पाठीमागे किणकिणताहेत. "काय लागलं?" "खरखर." "किती? रव्यावानी का पिठावानी?" "रव्यावानी." "मंग घास." भांडणं तर अखंड. वहिनी म्हणायच्या वायर सैल आहे, भाऊ म्हणायचे घट्ट असणार. मग मीटर लावायचे. साक्षीदार बहुतेक वेळा वहिनींच्या बाजूने बोलायचा, आणि भाऊंना त्याचा राग यायच्या ऐवजी अभिमानच वाटायचा. मला हाक मारून सांगायचे, "पायलं का दुकानदार? यालेच म्हनते बोट!" माझ्या बॅटऱ्या तेव्हाही खपत नव्हत्या.

पुढे भाऊंचे डोळे अधू झाले, किडनीचं दुखणं निघालं, आणि मग मात्र मंगलानं कोणाचं ऐकलं नाही. दोघं अकोल्याला गेले. शटरला कुलूप लागलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.

मी माल आणायला अकोल्याला गेलो होतो, तेव्हा मंगलाच्या घरी डोकावलो. हीच आमची शेवटची भेट, पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं. गल्लीच्या तोंडाशीच एक ऑटो उभी होती, तिची मागची झडप उघडी. बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत भाऊ. फार वाळले होते. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, पण खिशात पॉलिश पेपर होता. वहिनी ऑटोच्या मागे बसून आत हात घालून डोळे मिटून चाचपत होत्या. मी हाक मारणार होतो, पण थांबलो.

"सापडला," वहिनी म्हणाल्या. "बोल्टखाली भुकटी हाय."

"कशी हाय?"

"सांगता येत नाई. रव्यावानी नाई, पिठावानीबी नाई."

भाऊ अस्वस्थ झाले. त्यांनी आपली बोटं पुढे केली, वहिनींनी काढलेली भुकटी घ्यायला, आणि मग ती तशीच हवेत राहिली. त्या बोटांना काही कळणार नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं. ऑटोवाला उगाच दुसरीकडे बघायला लागला.

वहिनी उठल्या. खुर्चीपाशी आल्या. भर गल्लीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांनी आपलं भुकटी लागलेलं बोट भाऊंच्या गालाजवळ नेलं.

"बॅटरीजवळचं नाई ना?" भाऊ दचकून म्हणाले. "तेजाब असते त्याच्यात, पोळते."

"मले समजत नाई का आता?"

त्यांनी बोट गालावरून हळूच फिरवलं. वर, मग खाली. भाऊंनी डोळे मिटले. जसे ते पूर्वी इंजिनच्या पाठीमागे हात घालून मिटायचे, तसेच. मी गल्लीच्या कोपऱ्यावर हातातली पिशवी घेऊन उभा होतो आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"हं," भाऊ म्हणाले. गालावर तांबूस रेघ उमटली होती. "जंग हाय. जुना हाय. घास."

आणि खिशातला पॉलिश पेपर काढून त्यांनी वहिनींच्या हातात दिला.